काकूंचा डावाच हात का उतला: नव्या खंजिरीचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

मी गावात आशा म्हणून काम करते आणि आमच्या महिला भजन मंडळात टाळ वाजवते. हे प्रकरण मंडळातल्याच एका काकूंचं आहे. त्यांना विचारून लिहितेय, त्या म्हणाल्या "लिह्यजो पण माहं नाव नोको टाकू", म्हणून इथे त्या नुसत्या काकू. गाव, दुकान, दवाखाना यांचीही नावं मुद्दाम देत नाहीये.

आमच्या इकडे खंजिरीचं काय स्थान आहे ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचे, त्यांनी हातात खंजिरी घेऊन गावोगाव भजनं केली, मोझरीला गुरुकुंज उभं केलं, आणि तेव्हापासून विदर्भातल्या खेड्यात पेटी नसली तर चालून जातं पण खंजिरीवाचून भजन उभं राहत नाही. काकू आज ४७ वर्षांच्या आहेत आणि लग्न होऊन या गावात आल्यापासून खंजिरी वाजवतात, म्हणजे पंचवीस वर्षांच्या वर झालं. दिवसभर दुसऱ्याच्या वावरात मजुरी, संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना, रात्री भजन. त्यांच्याकडे सासऱ्याची जुनी खंजिरी होती, लाकडाचं कडं, पितळी चकत्या, बकरीचं कातडं. पावसाळ्यात कातडं सैल पडायचं, मग भजनाआधी ती चुलीजवळ धरून तापवायची आणि तिचा आवाज परत वर यायचा.

मागच्या श्रावणात त्या खंजिरीचं कातडं फाटलं आणि कडंही चिरलं. मंडळानं घरामागे पन्नास रुपये वर्गणी केली, दोन-चार जणांनी जास्त दिले, आणि गणपतीच्या आधी शहरातल्या दुकानातून नवीन खंजिरी आणली. खरेदीला मी स्वतः गेले होते. दुकानदारानं दोन-तीन दाखवल्या त्यातली सगळ्यात चकचकीत आम्ही घेतली, कडं धातूचं चमकदार, चकत्या चांदीसारख्या पांढऱ्या, वरचं पान प्लास्टिकचं आणि ते ताणायला कड्याभोवती नट-बोल्ट. पाना घेऊन बोल्ट पिळला की सूर वर, तापवायची भानगड नाही. आम्हाला वाटलं लय चांगलं काम केलं.

अडचण

गणपतीत रोज रात्री दोन तास भजन. तिसऱ्या-चौथ्या दिवशी काकूंचा हात खाजायला लागला. पहिल्यांदा त्यांनी लक्षच नाही दिलं, निंदनाचे दिवस होते, हाताला काही ना काही लागतच असतं. दहा दिवसांत अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मधली जागा लाल झाली, बोटांच्या मधल्या पेरांवर पाणी भरलेले बारके बारके फोड आले, ते फुटून पाणी सुटायचं आणि मग कातडी कोरडी होऊन फाटायची. भाकरी थापताना पीठ भेगांत जायचं तेव्हा डोळ्यांत पाणी यायचं त्यांच्या.

काकू म्हणाल्या, "गाजरगवतानं झालं असन वो बाई, बांधावर लय माजलं हाये." आणि ते पटण्यासारखंच होतं. गाजरगवत आपल्या देशात १९५० च्या दशकात बाहेरून आलेल्या गव्हासोबत पसरलं असं सांगतात, आज एकही बांध रिकामा नाही, आणि त्यानं चेहरा, मान, हात सुजलेली माणसं मी दरवर्षी पाहते. शेजारणीला वाटलं फवारणीचं औषध लागलं. तिसरीनं सांगितलं नायटा आहे. तो नायट्याचा शब्द एकदा तोंडातून निघाला आणि सगळं बिघडलं.

कारण नायटा म्हटलं की लागट. प्रार्थनेनंतर काकू प्रसाद वाटायच्या, एक दिवस एका बाईनं त्यांच्या हातून प्रसाद घेताना हात मागे ओढला आणि म्हणाली "ठेवून द्या तिथीसा, घेतो मी." मी बाजूलाच उभी होते. दुसरी एक जण सतरंजीवर थोडी सरकून बसली. काकू काही बोलल्या नाहीत पण दुसऱ्या दिवसापासून प्रसाद वाटायला उठल्या नाहीत, आणि दसऱ्याच्या बरंच आधी भजनाला येणंच बंद केलं. हाताच्या दुखण्यापेक्षा हे मला जास्त लागलं, आणि हे मी तेव्हाच थांबवायला पाहिजे होतं.

आधी काय काय करून पाहिलं

मेडिकलमधून ट्यूब आणली. ती ट्यूब सगळ्या गावाला माहीत आहे, खाज कशाचीही असो तीच लावतात, तिच्यात स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक तिन्ही एकत्र असतं. मीच म्हटलं होतं "मेडिकलवाल्या भाऊला विचारून घ्या", म्हणजे त्यात माझाही हात आहे. पाच दिवसांत हात उतरला, काकू खूश. बंद केली तर आठवड्यात परत, आणि पहिल्यापेक्षा जास्त. परत ट्यूब. तिसऱ्या खेपेला ट्यूब लावूनही हात उतरेना, उलट लावल्यावर चुरचुरायला लागला.

मधल्या काळात हळद-तेल झालं, कडुलिंबाच्या पाल्याचं पाणी झालं. एका आजीनं बिबा लावायला सांगितला तेव्हा मात्र मी आडवी पडले. बिब्याचं तेल चांगल्या कातडीवर लागलं तरी उततं, फोड येतात, डाग राहतात, आणि इथे तर कातडी उघडी पडलेली. आजी रागावल्या माझ्यावर, पण बिबा लावू दिला नाही.

धातूचं कडं टोचतं असं वाटून काकूंनी एकदा कड्याला कापडी चिकटपट्टी गुंडाळली होती. दोन दिवस बरं वाटलं, मग घामानं पट्टी ओली व्हायची आणि खाली हात अजूनच कुजल्यासारखा व्हायचा, म्हणून काढून टाकली. खंजिरीचा काही संबंध असू शकतो हे तेव्हाच आमच्या हातात आलं होतं. आम्ही ते टोचण्यावर घालवलं.

डायरीतल्या तारखा

मला सवय आहे, कोणाचं काय झालं ते डायरीत तारखेनिशी टिपायचं. काकूंनी भजनाला येणं बंद केलं तेव्हा कापूस वेचणी सुरू झाली होती. कोजागिरीच्या दोन दिवस आधी त्यांच्या घरी गेले तर हात बराच सुकलेला, भेगा भरत आलेल्या. मी विचारलं ट्यूब लावता का, म्हणे सोडून दिली. वावरात जाता का, म्हणे "रोजच तं जातो, वेचाई सुरू हाये नं."

मला तेव्हा लगेच नाही कळलं. मी आनंदानं म्हटलं चला मग कोजागिरीला या, आणि त्या आल्या, रात्रभर जागरण, दूध, भजन, काकूंनी तीन-साडेतीन तास खंजिरी वाजवली आणि काय वाजवली. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांची सून माझ्या दारात, "आत्याबाईचा हात पाहा चालून."

रात्री डायरी उघडून बसले. गणपती, खंजिरी, हात खराब. दसऱ्याच्या बरंच आधीपासून खंजिरी बंद, वावर चालूच, हात बरा. कोजागिरी, खंजिरी, दोन दिवसांत हात परत सुजला. कापूस तर मधे कधी बंदच नव्हता. गाजरगवतही तिथेच होतं. बदलत होती ती एकच गोष्ट.

सकाळी खंजिरी घेऊन काकूंकडे गेले. म्हटलं फक्त धरून दाखवा, वाजवू नका, मधे रुमाल ठेवा. त्यांनी डाव्या हातात धरली आणि मी बघतच राहिले. बोटांवर जो लाल पट्टा होता तो बरोबर कड्याच्या काठाच्या रेषेत. आणि त्या पट्ट्यात तीन जागा जास्त काळपट, जास्त फुटलेल्या होत्या, त्या तिन्ही जागांसमोर एकेक बोल्ट. उजवा हात स्वच्छ. कापूस दोन्ही हातांनी वेचतात, निंदन दोन्ही हातांनी, भांडी दोन्ही हातांनी. पाच आठवड्यांत मी, मेडिकलवाला, शेजारणी, कोणीही विचारलं नव्हतं की डावाच हात का.

समोर काय पर्याय होते

पहिला पर्याय सगळ्यात सोपा, काकूंनी खंजिरी सोडून टाळ घ्यावा आणि खंजिरी दुसऱ्या कोणी वाजवावी. मंडळातल्या दोघी-तिघींना हेच बरं वाटत होतं. काकू ऐकून गप्प बसल्या. गप्प बसलेल्या काकू मला चालत नाहीत म्हणून मी तो पर्याय बाजूला ठेवला, खरं सांगायचं तर कारण तेवढंच होतं.

दुसरा, खंजिरीच दोषी असं धरून ती बदलायची, दवाखान्याच्या भानगडीत पडायचंच नाही. यात अडचण अशी की नेमकं कशानं होतंय ते माहीत नाही, धातूनं, प्लास्टिकच्या पानानं, का काठाला लावलेल्या रबरानं. परत चारशे-पाचशे रुपये घालून तेच सामान घरी आणलं तर? लाकडी आणली आणि त्याच्या पॉलिशनं झालं तर? वाद्यांच्या लाकडाचीही अ‍ॅलर्जी असते लोकांना, शिसवीच्या जातीची लाकडं त्यासाठी माहीतच आहेत, सागवानाच्या भुशानंही काही सुतारांच्या हातांना होतं, आणि पॉलिशमधल्या राळेचं तर सारंगी-व्हायोलिनवाल्यांना विचारा, गजाला लावायची राळ बोटांना लागून खाज येणारे त्यांच्यात असतात.

तिसरा, मेडिकल कॉलेजच्या त्वचारोग विभागात जाऊन पॅच टेस्ट करायची. ती पाठीवर करतात. संशय असलेल्या वस्तूंचे ठरलेल्या प्रमाणातले थेंब छोट्या छोट्या खोबणीत भरून पट्टीनं पाठीला चिकटवतात, ४८ तासांनी काढून बघतात, आणि परत एक-दोन दिवसांनी बघतात कारण ही अ‍ॅलर्जी उशिरा उठते. म्हणजे सोमवारी लावायला, बुधवारी काढायला, शुक्रवारी परत दाखवायला, तीन खेपा. मधे पाठ भिजवायची नाही, घाम येईल असं काम करायचं नाही. वेचणीचे दिवस, किलोमागे दहा रुपये मजुरी, काकू दिवसाला चाळीस-पंचेचाळीस किलो वेचतात. आठवडा गेला म्हणजे अडीच हजार गेले. शहरातल्या डॉक्टरला वाटतं बाई टेस्टला घाबरते म्हणून येत नाही. आमच्या काकू टेस्टला नाही घाबरत, हिशेबाला घाबरतात.

निर्णय एक: आधी खंजिरीची टेस्ट

तीन खेपांचा निर्णय घ्यायच्या आधी काहीतरी हातात असावं असं मला वाटत होतं. माझी पोरगी बारावी सायन्सला आहे, तिच्यासमोर बोलत होते तर ती म्हणाली, "आई, पांढऱ्या चकत्या आहेत नं, निकेल असन. आमच्या प्रॅक्टिकलले निकेल ओळखाचं औषध असते."

बारावीच्या केमिस्ट्रीत क्षार ओळखायला डायमिथाइल ग्लायॉक्झिम वापरतात, पोरी त्याला डीएमजी म्हणतात. अमोनियासोबत ते निकेलला भेटलं की गुलाबी-लाल रंग येतो. त्वचेचे डॉक्टरही दागिने तपासायला हेच वापरतात हे आम्हाला नंतर कळलं. कॉलेजच्या सरांना विचारलं, त्यांनी हसून नाही टाळलं, उलट म्हणाले शनिवारी लॅबमध्ये या, सगळं सामान घेऊन या.

मग आम्ही पिशवी भरून नेली. नवीन खंजिरी, जुनी तुटकी खंजिरी, माझे टाळ, काकूंची जुनी कानातली, काळ्या पोतीचा आकडा, घरची स्टीलची वाटी. सरांनी खिडक्या उघडल्या कारण अमोनिया नाकाला झोंबतो, कापसाच्या बोळ्यावर दोन्ही औषधांचे दोन-दोन थेंब घेतले आणि बोल्टवर अर्धा मिनिट घासलं. बोळा उचलला तर गुलाबी. असा नाही की दिसतो का नाही, चांगला कुंकवाच्या पाण्यासारखा. चकतीवर गुलाबी. कड्याच्या वरच्या चकचकीत भागावर काहीच नाही, पण जिथे अंगठ्यानं घासून घासून चमक गेली होती तिथे गुलाबी.

सरांनी तेव्हा समजावलं की चकचकीत दिसतो तो वरचा क्रोमचा थर अगदी पातळ असतो, त्याच्या खाली निकेलचा थर देतात, वरचा झिजला की खालचा उघडा पडतो आणि घामातलं मीठ निकेल सोडवून काढतं. पांढऱ्या चकत्यांवर निकेल चढवलेलं असतं किंवा त्या जर्मन सिल्व्हरच्या असतात. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी नसतेच, तांबं, जस्त आणि निकेल असतं. माझ्या टाळांवर बोळा पांढराच राहिला, काशाचे आहेत, म्हणजे तांबं आणि कथील. जुन्या खंजिरीच्या पितळी चकत्यांवरही काही नाही. स्टीलच्या वाटीवर नाही. आणि काकूंच्या कानातल्यांवर सगळ्यात गडद.

कानातली बघून काकू म्हणाल्या, "हे घातले का माहे कान चिघळत होते लग्न झालं तेव्हा, मंग सोडूनच देल्ले."

म्हणजे ही ओळख पंचवीस वर्षांपूर्वीचीच होती. निकेलची अ‍ॅलर्जी अशीच असते, पहिल्यांदा शरीर त्या धातूला ओळखायला शिकतं, त्याला दहा-पंधरा दिवसही लागतात, पण एकदा शिकलं की सहसा आयुष्यभर विसरत नाही, आणि पुढे कधीही गाठ पडली की एक-दोन दिवसांत उठतं. म्हणून तर नव्या खंजिरीच्या तिसऱ्या-चौथ्या दिवसापासूनच खाज. युरोपात याच त्रासापायी १९९४ मध्ये नियम केला, कातडीला सतत लागून राहणाऱ्या वस्तूतून आठवड्याला एका चौरस सेंटिमीटरमागे ०.५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटायला नको. आमच्या बाजारात कानातली घेताना असलं काही कोणी विचारत नाही.

निर्णय दोन: तरी मेडिकल कॉलेजला जायचं

इथे मंडळात वाद झाला. बोळा गुलाबी झाला, आता दवाखाना कशाला? मला मात्र वाटत होतं जायलाच पाहिजे, कारण बोळ्यानं एवढंच कळलं की खंजिरीतून निकेल सुटतं. काकूंना त्याचीच अ‍ॅलर्जी आहे हे त्यातून सिद्ध होत नाही, आणि ट्यूब लावल्यावर चुरचुरतं त्याचं उत्तर तर मिळालंच नव्हतं. शिवाय गावात नायट्याची जी बोंब झाली होती ती माझ्या बोलण्यानं मिटणार नव्हती, कागद पाहिजे होता.

मजुरीचं मंडळानं पाहिलं. वर्गणीतले सातशे उरले होते ते दिले, आणि दोन बायांनी आपल्या वेचणीतला एकेक दिवस काकूंच्या नावावर लावला. त्यातली एक तीच, जिनं प्रसाद घेताना हात ओढला होता. टेस्टच्या आठवड्यात सोमवार ते शुक्रवार काकू शहरात त्यांच्या भावाकडे राहिल्या म्हणजे तीनदा येणं-जाणं वाचलं. सोमवारी आणि शुक्रवारी मी सोबत होते.

त्याच्या आधी, पहिल्यांदा दाखवायला गेलो तेव्हा, ओपीडीतल्या मॅडमनी दोन्ही हात शेजारी शेजारी ठेवायला सांगितले, बघितलं आणि पहिलाच प्रश्न, "डाव्या हातानं तुम्ही असं काय करता जे उजव्यानं करत नाही?" मी पिशवीतून खंजिरी काढून टेबलावर ठेवली. सोबत डायरीतल्या तारखा आणि त्या ट्यूबचं खोकं. खोकं आणलं म्हणून त्या फार बऱ्या बोलल्या, म्हणे लोक ट्यूब म्हणतात पण कोणती ते कोणाला सांगता येत नाही. कातडीचा थोडा भुसा खरवडून बुरशीसाठी बघितला, बुरशी नव्हती. नायटा तिथेच संपला. हात फार फुललेला होता म्हणून मॅडमनी त्या दिवशी टेस्ट लावली नाही, आधी आठ-दहा दिवस मलम देऊन शांत केला आणि मग तारीख दिली.

काय निघालं

शुक्रवारी पाठीवर निकेलच्या जागी लाल चकंदळ उठलं होतं, वर बारके फोड, मॅडमनी कागदावर दोन अधिक (++) लिहिले, म्हणजे अ‍ॅलर्जी जोरात. गाजरगवताच्या जागी काहीच नाही. राळेच्या जागी, रबराच्या जागी काही नाही. आणि एका जागी एक अधिक, निओमायसिन. हे ट्यूबमधलं अँटिबायोटिक. म्हणजे ज्यानं बरं करायचं त्यानंच तिसऱ्या खेपेपासून खाज वाढवली, आणि सोबतचं स्टेरॉइड ती खाज वरवर दाबत राहिलं म्हणून कोणालाच कळलं नाही. मला हे ऐकून फार वाईट वाटलं कारण मेडिकलचा रस्ता मीच दाखवला होता.

मॅडमनी काकूंना दोन गोष्टी लिहून दिल्या ज्या आयुष्यभर लक्षात ठेवायच्या, निकेल आणि निओमायसिन, आणि सांगितलं की हा कागद कुठल्याही दवाखान्यात दाखवा. मोजक्या दिवसांचं दुसरं मलम दिलं, साधं पेट्रोलियम जेली दिवसातून चार-पाचदा लावायला सांगितलं. आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की ही कातडीची उशिराची अ‍ॅलर्जी आहे, हिच्यानं जीवाला धोका नसतो, पण कधी कोणाचे ओठ-जीभ सुजले, श्वास लागला तर ते वेगळं प्रकरण, तिथे तारखा टिपत बसायचं नाही, १०८ ला फोन करायचा.

मग खंजिरीचं काय केलं

दुकानदार पैसे परत द्यायला तयार नव्हता, बदलून देतो म्हणाला पण त्याच्याकडे होत्या त्या सगळ्या तशाच पांढऱ्या चकत्यांच्या. कड्याला रंगहीन नेलपॉलिशचे थर द्यावे असं पोरगी म्हणाली, दागिन्यांना लोक देतात तसं. पण दागिना गळ्यात नुसता असतो, खंजिरीवर रोज दोन तास हात घासतो, थर टिकणार किती. हातमोजा घालून काकूंनी एकदा वाजवून बघितलं आणि दोन मिनिटांत काढून ठेवला, म्हणे चकत्यांचा कंप बोटाले समजतच नाई.

शेवटी जुनीच उभी करायची ठरवलं. चकत्या जुन्याच पितळी, दोन हरवल्या होत्या त्या कासाराकडून करून घेतल्या. आपल्या विदर्भात भंडाऱ्याकडे पितळेचं काम चालतं, त्याच्याकडे तिकडचाच पत्रा होता. त्यावर आधी पोरीनं बोळा फिरवला, मगच पैसे दिले. चकत्या अडकवायला लोखंडी तारेऐवजी पितळी खिळे. कडं गावातल्या सुतारानं आंब्याच्या लाकडाचं केलं. शिसवीचं करतो म्हणत होता, आवाज गोड येतो म्हणे, पण ज्याच्या अ‍ॅलर्जीबद्दल आधीच माहीत आहे ते लाकूड कशाला घ्या म्हणून नको म्हटलं. पॉलिश काही दिलं नाही, घरचं जवसाचं तेल तीनदा चोळून वाळवलं. कातडं बकरीचं, कमावलेलं चामडं नाही, साधं वाळवलेलं. एका म्हाताऱ्या बुवांनी घोरपडीच्या कातड्याची आठवण काढली, तसा आवाज दुसऱ्याला नाही म्हणे, असेलही, पण १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं घोरपड मारणं गुन्हा आहे आणि आम्हाला ते करायचंही नाही.

चकचकीत खंजिरी आता मंडळातली दुसरी बाई वाजवते, तिला काही होत नाही. दहा जणींना काही होत नाही म्हणून अकरावीचा त्रास खोटा ठरत नाही हे मंडळाला समजावायला मला फार बोलावं लागलं नाही, कागद पुढे केला.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, प्रसादाच्या वेळी जेव्हा हात ओढला गेला तेव्हाच मी उठून काकूंच्या हातून प्रसाद घेऊन खायला पाहिजे होता. सगळ्यांसमोर. आशानं खाल्ला म्हटल्यावर निम्मी बोंब तिथेच थांबली असती. मी नंतर घरोघरी जाऊन समजावलं, त्याला तीन आठवडे लागले, आणि तेवढे दिवस काकू घरात बसून राहिल्या.

दुसरं, कोणता हात, नेमकी कुठली जागा, गेल्या महिन्यात हातात नवीन काय आलं, हे प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारायला पाहिजे होते. आता विचारते. मागच्या महिन्यात एक पोरगा आला होता, बासरी नवीन, खालच्या ओठाला खाज. बासरी बघितली तर फुंकेच्या भोकाभोवती चकाकणारं व्हार्निश. अजून नेमकं कळलेलं नाही, पण त्याला कोणी ट्यूब दिलेली नाही, बासरी बंद ठेवून तारखा टिपायला सांगितल्या आहेत.

चिकटपट्टीनं दोन दिवस बरं वाटलं तेव्हाच थांबून विचार करायचा होता, तिथे जवळपास महिना वाया गेला. कोजागिरीला मी आग्रह करून बोलावलं त्यानं हात परत सुजला हे खरं, पण तो आग्रह केला नसता तर तारखांचा मेळ बसला नसता, म्हणून त्याबद्दल मला अजूनही नीट ठरवता येत नाही.

आणि खरेदी. दुकानात आम्ही आवाज ऐकला, भाव केला, चमक बघितली. चकत्या कशाच्या आहेत हे विचारलंच नाही. ज्याच्या हातात ते वाद्य रोज जाणार त्या बाईला सोबतही नेलं नव्हतं. काकू दुकानात असत्या तर पांढऱ्या चकत्या बघून त्यांना कानातली आठवली असती का, कोणास ठाऊक.

आजची स्थिती

तुकडोजी महाराजांची पुण्यतिथी आश्विन वद्य पंचमीला, ते १९६८ मध्ये गेले. त्या दिवशी मोझरीत दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन श्रद्धांजली होते, आणि त्याच वेळी आमच्या गावातही सगळे उभे राहतात. मागच्या पुण्यतिथीला काकू हाताला फडकं बांधून मागे बसल्या होत्या. यंदा पुढे होत्या, जुन्या चकत्यांची नवी खंजिरी घेऊन, आणि रात्रीच्या भजनाला सलग दोन तास वाजवली. चौथ्या दिवशी मी मुद्दाम हात बघायला गेले. अंगठ्याजवळ थोडी कोरडी कातडी आहे, ती थंडीत राहते म्हणे, बाकी काही नाही. प्रसाद परत त्याच वाटतात.

पावसाळ्यात कातडं सैल पडतंच, ते परत चुलीजवळ धरावं लागतं. पितळ काळं पडतं म्हणून चकत्या दर पंधरा दिवसांनी चिंच-मिठानं घासाव्या लागतात. ते काम नात करते, कारण चिंच भेगेत गेली की काकूंचा हात अजूनही झोंबतो.